सीडी लागत नाही, काय करू? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात म्हटलं होतं की घरातल्या जुन्या सीडी-डीव्हीडीबद्दल काही अडचणी असतील तर कळवा, तर एवढी पत्रं आणि मेसेज आले की सगळी छापणं शक्यच नाही. निम्म्याहून जास्त लग्नाच्या सीडीबद्दलची आहेत, हे अपेक्षितच होतं म्हणा. सारखे प्रश्न एकत्र करून थोडे निवडलेत. एक गोष्ट आधीच सांगते, पूर्ण वाचून होईपर्यंत कुणी टूथपेस्ट हातात घेऊ नका.

ताई, आमच्या लग्नाच्या (२००३) तीन व्हीसीडी आहेत. दुसरी सीडी मंगलाष्टकं संपेपर्यंत नीट चालते आणि मग अडकते ती अडकतेच. कॉम्प्युटरवर कॉपी करायला गेलं की "सायक्लिक रिडन्डन्सी चेक" असा एरर येऊन कॉपी बंद. सीडीवर आमच्या दोघांच्या फोटोचं स्टिकर आहे, ते कडेने सुटलंय. ते ओढून काढलं तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

आधी स्टिकरचं. अजिबात ओढू नका! लोकांना वाटतं सीडीचा डेटा खालच्या चकचकीत बाजूला असतो आणि वरची बाजू म्हणजे नुसतं नाव लिहायला. प्रत्यक्षात उलट आहे. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि ती जवळजवळ सगळी जाडी पॉलीकार्बोनेट प्लास्टिकची, लेझर खालून त्या प्लास्टिकमधून आरपार जातो आणि डेटाचा थर असतो अगदी वर, लेबलच्या खाली. त्याच्यावर चमकणारा धातूचा पातळ थर, त्यावर लॅकरचा हात आणि मग लगेच तुमचं स्टिकर. म्हणजे स्टिकर ओढलंत की गोंदाबरोबर लॅकर येणार, लॅकरबरोबर धातू येणार आणि हातात स्टिकर राहील, सीडीला खिडकी पडेल. तेवढा भाग कायमचा गेला, तो जगात कुणी आणू शकत नाही. सुटलेली कडा बोटाने अलगद दाबून बसवा आणि आधी डेटा काढा, स्टिकरचं पुढे बघू.

त्या काळी स्टुडिओवाल्यांनी नवरा-नवरीच्या फोटोची ही स्टिकरं हौसेने लावली पण त्याने सीडीचा तोलही जातो, म्हणून जोरात फिरवली की थरथरते आणि वाचताना चुका वाढतात.

आता कॉपी का होत नाही ते. साध्या डेटा सीडीवर २३५२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (म्हणजे डेटाच्या छोट्या कप्प्यात) तुमचा डेटा असतो २०४८ बाइट, उरलेल्यातला मोठा भाग चुका दुरुस्त करायच्या कोडसाठी. व्हीसीडीत मात्र व्हिडिओ जास्त मावावा म्हणून हे दुरुस्तीचं जादा कोडिंग काढून टाकलेलं असतं आणि सेक्टरमध्ये २३२४ बाइट भरलेले असतात. म्हणूनच ७०० एमबीच्या सीडीवर ८०० एमबीच्या आसपासची डॅट फाइल (व्हीसीडीवरचा व्हिडिओ हिच्यातच असतो) दिसते, बऱ्याच जणांनी हे कोडं मला विचारलंय. सगळ्याच सीडींना असणारी चूक-दुरुस्तीची (तिला रीड-सॉलोमन म्हणतात) पहिली पातळी असते पण दुसरी नाही. विचार असा होता की व्हिडिओत एखादा सेक्टर गेला तर काय बिघडलं, सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, डोळ्याला जेमतेम दिसेल. प्लेअरसाठी हे बरोबर आहे, पण विंडोजला ते कळत नाही, त्याला एक सेक्टर नीट वाचता आला नाही की तो अख्खी फाइल टाकून देतो.

म्हणून विंडोजच्या कॉपी-पेस्टच्या नादी लागायचंच नाही. आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर घ्या (फुकटात थोडं चालतं, काही गोष्टींना पैसे लागतात), त्यात डॅट फाइलवर राइट क्लिक करून "एम२एफ२ फ्रेम्स" गाळून काढायचा पर्याय आहे तो वापरा आणि न वाचलेल्या सेक्टरच्या जागी शून्य भर असं सांगा. लिनक्सवाल्यांना व्हीसीडीइमेजरमधलं व्हीसीडीएक्सरिप आहे. येणारी फाइल साधी एमपेग-१, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते, खराब जागी चौकोन-चौकोन दिसतील आणि पुढे गाडी परत रुळावर येईल. प्लेअरवर अडकते तिथे सगळं संपलं असं वाटतं ना, तसं नसतं, पुढचं जेवण-पाठवणी बहुतेक वेळा शाबूत असतं, प्लेअर तो खड्डा ओलांडू शकत नाही एवढंच.

ड्राइव्हचा स्पीड कमी ठेवा. आणि एका ड्राइव्हवर नाही जमलं तर दुसऱ्यावर, तिसऱ्यावर लावून बघा. हे मी मनापासून सांगते की सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा ड्राइव्ह बदलल्याने जास्त फरक पडतो, प्रत्येकाचा लेझर, लेन्सवरची धूळ, चुका सहन करायची ताकद वेगळी असते. शेजाऱ्यांच्या माळ्यावरचा जुना पीसी असेल तर त्यातला रायटरसुद्धा चालेल.

आणि सगळ्यात सोपा उपाय कुणाला सुचतच नाही. वहिनींच्या माहेरी विचारा! स्टुडिओवाले दोन सेट द्यायचे, एक मुलाकडच्यांना एक मुलीकडच्यांना. तिकडची दुसरी सीडी कपाटात कधी न लावता पडलेली असू शकते.

वरच्यासारखंच पण आमची डीव्हीडी आहे, २००९ ची. दोन्हीकडच्या कॉप्या आहेत आणि दोन्ही खराब, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी अडकतात.
– कोल्हापूर

हे तर उत्तमच. डीव्हीडीवर चूक-दुरुस्ती व्हीसीडीपेक्षा पुष्कळ तगडी असते आणि इथे जीएनयू डीडीरेस्क्यू हे फुकट सॉफ्टवेअर कमाल करतं (व्हीसीडीला मात्र ते थेट चालत नाही, त्याला २०४८ चे सेक्टर लागतात). लिनक्सवर चालतं, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून वापरलं तरी चालतं. ते काय करतं की आधी जे सहज वाचलं जातंय ते सगळं उचलतं, खराब भाग सोडून पुढे जातं, आणि नंतर परत येऊन खराब भागात थोडं थोडं खरवडतं. काय मिळालं काय राहिलं याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतं. गंमत ही की एक कॉपी वाचून झाली की दुसरी कॉपी घालायची आणि तीच इमेज (म्हणजे डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल), तीच मॅपफाइल पुढे चालवायची, म्हणजे पहिलीत जे सेक्टर राहिले तेवढेच ते दुसरीतून भरतं. अट एकच, दोन्ही डिस्क एकाच मास्टरवरून राइट केलेल्या हव्यात. साइझ बाइटपर्यंत जुळतेय का बघा, वेगळी असेल तर हा खेळ करू नका, दोन्हीच्या वेगळ्या इमेज काढा आणि व्हीओबी फाइल (डीव्हीडीवरच्या व्हिडिओच्या फायली) जोडायचं काम एखाद्या एडिटिंगवाल्याकडून करून घ्या.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या दुकानासकट घर पाण्यात होतं. सीडीचा डबा तेव्हा तसाच एका पोत्यात भरून माळ्यावर टाकला, आता उघडला तर चिखल वाळून दगड झालाय, कागदी पाकिटं सीडीला चिकटलीत आणि काहींवर बुरशी आहे. फेकू का?
– चिपळूण

फेकू नका! पुराचं पाणी हे सीडीला तितकं मारक नसतं जितका नंतर आपण ओल्या फडक्याने केलेला साफसफाईचा उत्साह. वाळलेला गाळ म्हणजे बारीक वाळूच, ती घासली की खालची बाजू पॉलिश पेपरने घासल्यासारखी होते.

असं करा. पसरट भांड्यात साधं स्वच्छ पाणी (घरच्या आरओ फिल्टरचं असेल तर बरं, क्षार कमी राहतात), त्यात भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब. एकावेळी थोड्याच डिस्क. हात न लावता भिजू द्या, चिखल आपणहून सुटेल, पाणी बदला, परत भिजवा. कागदी पाकिटाचंही तेच, कागद भिजून लगदा झाला की अलगद सरकवायचा, कोरडा असताना फाडायचा नाही, विशेषतः लेबलच्या बाजूने, का ते साताऱ्याच्या उत्तरात आलंच आहे. पण रात्रभर पाण्यात ठेवून झोपू नका, लॅकरची कड कुठे उचकटली असेल तर पाणी आत शिरतं. मग धुऊन ताटाळ्यात ताटं लावतो तशा उभ्या लावून सावलीत, पंख्याखाली वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. कापूर, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर काहीही नको, रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन पॉलीकार्बोनेट खातं आणि प्लास्टिक दुधाळ होऊन जातं ते कायमचं.

पुसायची वेळ आलीच तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल नाही. कारण असं की डेटा गोल गोल मळसूत्रात आहे, आडवा ओरखडा त्या ट्रॅकला क्षणभर छेदतो आणि सीडीची दुरुस्ती यंत्रणा ट्रॅकवरचा साधारण अडीच मिलिमीटरचा सलग खड्डा पूर्ण भरून काढू शकते, पण गोल ओरखडा ट्रॅकच्याच बाजूने लांबवर जातो तेव्हा सगळं गणित कोसळतं. दिसायला तो बारीक असतो आणि मारतो तोच.

बुरशीचं म्हणाल तर बहुतेकदा ती पाकिटावर आणि वरवर असते, धुतली की जाते. अगदीच खरी डिस्क खाणारी बुरशीही आहे, २००१ मध्ये बेलीझहून आणलेल्या एका सीडीत माद्रिदच्या नॅचरल सायन्स म्युझियमच्या शास्त्रज्ञांना जिओट्रायकम जातीची बुरशी आतला थर पोखरताना सापडली होती, तीही उष्ण दमट हवेतलीच. ट्यूबलाइटसमोर डिस्क धरून बघा, आरपार टाचणीएवढे उजेडाचे ठिपके किंवा नकाशासारख्या नागमोडी रेघा दिसल्या तर तिथला धातू गेला. बाकीची डिस्क तरीही वाचायची, ठिपका म्हणजे फुल डिस्क नव्हे.

पूर्ण वाळल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नका आणि पहिल्या डिस्कसाठी चांगला ड्राइव्ह वापरू नका, लेन्सवर गाळ उडाला तर पुढच्या सगळ्या डिस्क खराब वाटायला लागतील.

एकही स्क्रॅच नाही हो! २००६ ला फोटो राइट केलेली सीडी, शोकेसमध्ये डब्यात जपून ठेवली. आता घातली की ड्राइव्ह गुर्र गुर्र करतो आणि "इन्सर्ट डिस्क" म्हणतो.
– नागपूर

शोकेसवर दुपारचं ऊन येतं का? नागपूरचा मे महिना आणि काचेतून येणारं ऊन, मला वाटतं उत्तर तिथेच आहे.

दुकानातून आणलेली छापील सीडी आणि आपण जाळलेली सीडी-आर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छापील सीडीत खड्डे प्लास्टिकमध्ये ठसे उमटवून केलेले असतात, सीडी-आरमध्ये मात्र रंगाचा, म्हणजे डायचा थर असतो, रायटरचा लेझर तो जागोजागी जाळतो आणि त्यालाच आपण "बर्न करणं" म्हणायचो. हा रंग सेंद्रिय, उजेडाने आणि उष्णतेने विटतो. निळसर-हिरवट दिसणाऱ्या सायनाइनच्या डिस्क उजेडाला जास्त कच्च्या, फिकट सोनेरी-हिरवट थॅलोसायनाइनच्या त्या मानाने टिकाऊ. वर लोकल ब्रँडची स्वस्तातली डिस्क ५२ एक्सच्या फुल स्पीडने जाळलेली असेल तर सुरुवातीपासूनच काठावर पास झालेली असते. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी कशा सांभाळायच्या याची मार्गदर्शिका काढली होती, त्यात तापमान ४ ते २० अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के ठेवा असं आहे. नागपुरात काय आणि रत्नागिरीत काय, वाचून हसूच येतं.

यात पॉलिशचा काही उपयोग नाही, खालची बाजू चांगलीच आहे. ज्या रायटरने जाळली तो सापडला तर त्यावर आधी बघा, मग इतर. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि फायलींची यादी आतल्या बाजूला असते, तिथलाच भाग विटला तर ड्राइव्हला डिस्क आहे हेच कळत नाही आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, म्हणून ड्राइव्ह बदलत राहायचे. एखाद्या ड्राइव्हने एकदा जरी ती ओळखली तर लगेच फोटो उघडून बघत बसू नका!! हा मोह सगळ्यांना होतो. आधी डीडीरेस्क्यूने पूर्ण इमेज काढा, जेवढी निघेल तेवढी. मग डिस्क बाजूला ठेवा आणि इमेजवर काम करा. यादी गेली असली तरी फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर इमेजमधून जेपेग ओळखून ओळखून बाहेर काढतं, नावं आणि तारखा जातात पण फोटो येतात. काही अर्धे करडे किंवा रंग सरकलेले येतील, तिथला सेक्टर गेलेला असतो.

अजून एक. तुम्ही एकाच सीडीवर दोन-तीनदा थोडे थोडे फोटो टाकले होते का? कधीकधी फक्त शेवटचं सेशन दिसतं आणि लोक म्हणतात आधीचे डिलीट झाले. आयसोबस्टरमध्ये सगळी सेशन्स वेगवेगळी दिसतात.

मुलाच्या बारशाचं शूटिंग छोट्या ८ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर आहे, २००७, हॅंडीकॅम. इथल्या लॅपटॉपमध्ये घातली तर ब्लँक दाखवते आणि फॉरमॅट करू का विचारते.
– न्यू जर्सी

नाही म्हणा. नाहीच म्हणा.

डिस्क बहुतेक फायनलाइझ करायची राहिलीय. कॅमेरा व्हिडिओ लिहित जातो आणि शेवटी फायनलाइझ केल्यावर इतर मशीनना समजेल अशी यादी लिहितो, ती नसली की कॉम्प्युटरला डिस्क कोरी वाटते, आत बारसं असतंच. कॅमेरा अजून चालू होत असेल तर त्यातच घालून मेन्यूतून फायनलाइझ करा, पण बॅटरीवर नाही, अडॅप्टर लावून, मध्येच बंद पडला तर आहे ते बिघडेल. कॅमेरा मेला असेल तर त्याच कंपनीचं जवळचं मॉडेल सेकंडहँड मिळतं का बघा. तेही नसेल तर आयसोबस्टर, ते न फायनलाइझ झालेल्या डिस्कवरचा व्हिडिओ शोधू शकतं, पण ड्राइव्हने साथ द्यायला हवी, सगळे देत नाहीत. आणि ही छोटी डिस्क ट्रेवाल्या ड्राइव्हमध्येच घाला. फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये (जुने मॅकबुक, गाडीतला प्लेअर) गेली की बाहेर काढायला मेकॅनिक लागतो.

आजोबांच्या कीर्तनाची ऑडिओ सीडी पेनड्राइव्हवर कॉपी केली, सगळे ट्रॅक दिसतात पण वाजत काहीच नाही. कॉपी करताना तर एका सेकंदात झालं.
– पंढरपूर

एका सेकंदात झालं तिथेच पाल चुकचुकायला हवी होती! ऑडिओ सीडीवर फायलीच नसतात, विंडोज प्रत्येक ट्रॅकसाठी ४४ बाइटची सीडीए फाइल दाखवतो, तो नुसता पत्ता. तुम्ही पत्ते कॉपी केलेत, कीर्तन सीडीवरच आहे. मूळ सीडी फेकली नसेल अशी आशा.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी (विंडोज, सिक्युअर मोडमध्ये) किंवा सीडीपॅरानोइया (लिनक्स) वापरा, ही दोन्ही खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून एकमेकांशी ताडून बघतात. वेळ लागतो, लागू दे. एमपी३ नको, फ्लॅक किंवा वेव्हमध्ये ठेवा, टाळ-झांजांचा आवाज एमपी३त पत्र्यासारखा होतो.

मधल्या भोकापासून तडा गेलाय. फेव्हिक्विक लावू का?
– पुणे

नको. तडा मधल्या पारदर्शक कड्यातच असेल तर डेटा अजून शाबूत आहे, पण ५२ एक्सला सीडी मिनिटाला दहा हजाराच्या आसपास फेरे घेते आणि तडकलेली डिस्क त्या वेगात ड्राइव्हमध्येच फुटते, काचेसारखे तुकडे. यूएसबीचा बारीक ड्राइव्ह वापरा (तो मुळातच कमी वेगाचा), सॉफ्टवेअरने स्पीड ४ एक्सवर बांधा, लिनक्समध्ये इजेक्ट कमांडने होतं, आणि एकाच बैठकीत इमेज काढून घ्या. तडा चमकत्या भागात आला असेल तर घरी काही करू नका. आणि डिस्कचे दोन तुकडेच झाले असतील तर कुणी पैसे मागितले तरी देऊ नका.

मग टूथपेस्टचं काय? यूट्यूबवर सगळे करतात.
– बऱ्याच ठिकाणांहून

चालतं, खोटं कशाला बोलू. खालच्या बाजूचा उथळ ओरखडा असेल तर पांढऱ्या टूथपेस्टने (जेल नव्हे) कडा झिजतात आणि लेझर सरळ जातो. दुकानातलं बफिंग मशीनही तेच करतं, जास्त नीट करतं. पण हा शेवटचा उपाय, इमेज काढायचा प्रयत्न झाल्यावर, आणि राहिलेल्या सेक्टरसाठीच. लेबलच्या बाजूचा ओरखडा, विटलेला रंग, गेलेला धातू यावर टूथपेस्ट लावणं म्हणजे नुसती सीडीला मिंटचा वास. ब्लू-रेला तर हातच लावू नका, तिचा डेटा खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो, घासलं की गेलाच.

आमच्या इथला दुकानदार म्हणतो ठेवून जा, बघतो. द्यावी का? आणि निघालेला डेटा परत डीव्हीडीवरच ठेवू का?
– नाशिक

देण्याआधी विचारा की पहिलं काय करणार. "इमेज काढणार" म्हणाला तर द्या. "पॉलिश मारून बघतो" म्हणाला तर परत घेऊन या. डेटा नाही निघाला तर पैसे नाहीत असं आधी ठरवा, आणि जे निघेल ते सगळं द्या, अर्धवट इमेज आणि मॅपफाइलसकट, म्हणजे उद्या दुसऱ्याकडे गेलात तर पहिल्यापासून सुरुवात नको.

डीव्हीडीवर परत ठेवणं मला पटत नाही. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत रेकॉर्डेबल ब्लू-रे बनवणं थांबवलं, लॅपटॉपमधून ड्राइव्ह तर कधीच गेले. एक हार्ड डिस्क घरी, एक कॉपी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे, जमलं तर एक क्लाउडवर. आणि यूएसबी डीव्हीडी रायटर अजून मिळतोय तोवर एक घेऊन ठेवा, बाकीचा डबा वाचायचा आहेच की.